चित्रांतून परभाषा शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जर्मन शिकवते आणि तासाला पुस्तकाइतकीच चित्रंही वापरते. हे समजल्यापासून शिक्षकांकडून आणि स्वतःहून भाषा शिकणाऱ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येत असतात. एकेकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळे इथे एकत्र केले आहेत. फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानीची उदाहरणं सहकाऱ्यांच्या तासांतली आहेत. परभाषेतली वाक्यं देवनागरीत दिली आहेत, तेव्हा उच्चार अंदाजाने घ्यावेत.

१. पाठ्यपुस्तकात चित्रं असतातच. मग व्हॅन गॉग आणि व्हेरमीर कशाला?

चित्रांतून भाषा शिकवणं मुळीच नवं नाही. शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसचं लॅटिन आणि जर्मन असं दुभाषी सचित्र पाठ्यपुस्तक १६५८ साली न्युरेम्बर्गला छापलं गेलं. पण पाठ्यपुस्तकातलं चित्र एका शब्दासाठी काढलेलं असतं. सफरचंद दिसलं, 'सफरचंद' म्हटलं, विषय संपला. चांगल्या चित्रकाराच्या चित्रात काहीतरी न सांगितलेलं राहतं. ही बाई कोणाकडे बघतेय? या खोलीत कोणी का नाही? तिथे विद्यार्थ्याला एक शब्द पुरत नाही, वाक्य लागतं. आणि उत्तर शिक्षकालाही ठाऊक नसल्यामुळे तो प्रश्न खरा वाटतो. 'हे काय आहे?' असं पेन्सिल दाखवून विचारलं की वर्गातल्या प्रत्येकाला कळतं, बाईंना माहीत आहे ती पेन्सिल आहे.

२. मला चित्रकलेतलं काही कळत नाही. तरी जमेल का?

जमेल. कदाचित कळणाऱ्यांपेक्षा बरं जमेल. सुरुवातीला मी अभ्यास करकरून तासाला जायची. एकदा व्हॅन गॉगवर वीस मिनिटं बोलले, तेही मराठीतून, रंगून जाऊन. मुलांनी माना डोलावल्या, वह्यांत सनावळ्या लिहून घेतल्या. तास संपला तेव्हा लक्षात आलं की जर्मनचं एकही वाक्य त्यांच्या तोंडून आलेलं नाही. तास कलेच्या इतिहासाचा झाला होता, आणि तोही बेताचाच.

आता चित्रकाराचं नाव, साल, शैली हे सगळं मी शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवते. आधी नाव सांगितलं की मुलं चित्र बघायचं सोडून त्याच्याबद्दल ऐकलेलं सांगू लागतात. तुम्हाला इतकंच यायला हवं: चित्रात दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूचं त्या भाषेतलं नाव, त्याच्या लिंगासकट. आदल्या दिवशी शब्दकोश घेऊन बसा. आयत्या वेळी कोणीतरी 'खुंटीला काय म्हणतात?' असं विचारणारच.

३. अगदी नवशिक्यांसाठी कोणतं चित्र घ्यावं?

एकच निवडायचं तर व्हॅन गॉगची 'शयनगृह', म्हणजे आर्लमधली त्याची झोपायची खोली. पलंग, खुर्च्या, टेबल, खिडकी, आरसा, टॉवेल, भिंतीवरची चित्रं: पहिल्या महिन्यात शिकवतात ते बहुतेक शब्द एका चौकटीत आहेत आणि प्रत्येक वस्तूचा रंग ठसठशीत आहे.

या चित्राबरोबर त्याचं वर्णनही आयतं मिळतं. ऑक्टोबर १८८८ मध्ये व्हॅन गॉगने भाऊ थिओला पत्रात या खोलीचा एकेक रंग कळवला होता: भिंती फिकट जांभळ्या, जमिनीला लाल फरश्या, पलंगाचं आणि खुर्च्यांचं लाकूड ताज्या लोण्यासारखं पिवळं, दारं फिक्या जांभळट रंगाची. पत्र फ्रेंचमध्ये आहे आणि वाक्यं इतकी सोपी आहेत की महिनाभर फ्रेंच शिकलेला विद्यार्थी अडखळत का होईना वाचतो. खऱ्या माणसाने खऱ्या भावाला लिहिलेलं पत्र आपल्याला वाचता आलं, याचा आनंद धडा वाचण्यात नसतो.

गंमत पुढे आहे. पत्रात भिंती जांभळ्या आहेत, चित्रात निळ्या दिसतात. लाल रंगद्रव्य काळाबरोबर फिकं पडलं आणि जांभळ्याचा निळा झाला. म्हणजे भूतकाळ शिकवायला वेगळं निमित्त शोधायला नको: 'दी वेंड वारन व्हिओलेट, येत्स्ट झिंट झी ब्लाउ.' भिंती जांभळ्या होत्या, आता निळ्या आहेत.

या खोलीची चित्रं तीन आहेत. पहिलं ॲमस्टरडॅमला, दुसरं शिकागोला, तिसरं आणि थोडं लहान पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात. नंतरची दोन १८८९ ची आहेत. जोडीतल्या एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं द्या, एकमेकांचं बघायचं नाही, फक्त बोलून फरक शोधायचे. भिंतीवर टांगलेल्या चित्रांपासून सुरुवात होते, मग जमिनीचा रंग येतो. माझ्या वर्गात या खेळाला अर्धा तासही पुरत नाही.

४. चाळीस मिनिटांच्या तासाची आखणी कशी करायची?

पहिला एक मिनिट कोणी बोलायचं नाही, फक्त बघायचं. हा मिनिट शिक्षकालाच जड जातो, पण पाळा. मग दिसेल ते नाम फळ्यावर. मग प्रत्येक नामाला एक वाक्य. त्यानंतर मी चित्र झाकते आणि आठवणीतून सांगायला लावते. इथे वर्ग जागा होतो, कारण दोन खुर्च्या होत्या की तीन यावर वाद सुरू होतो आणि वाद परभाषेत घालायचा असतो. शेवटची दहा मिनिटं लिहिण्याची.

पुढच्या पातळीवर तीन प्रश्नांची एक पद्धत फार उपयोगी पडते. मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसेन आणि संग्रहालयात शिक्षणाचं काम केलेले फिलिप येनावाइन यांनी ती बसवली. प्रश्न असे: या चित्रात काय चाललंय? असं कशावरून म्हणता? आणखी काय दिसतंय? पद्धत भाषेसाठी जन्मलेली नाही, पण दुसरा प्रश्न म्हणजे 'कारण'ने सुरू होणारं वाक्य मागण्याची सर्वांत सभ्य रीत आहे. जर्मनमध्ये 'वाइल' आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं. हा नियम मी सूत्र म्हणून समजावायचा सोडून दिला आहे, 'कशावरून?' विचारत राहते.

५. आधी चित्र निवडायचं की व्याकरणाचा मुद्दा?

मुद्दा, कायम. 'मला हे चित्र फार आवडतं' म्हणून घेतलेला तास बहुधा प्रश्न २ मधल्या माझ्या तासासारखा होतो. मुद्दा ठरला की चित्र सापडतं. आमच्या इथे टिकलेल्या काही जोड्या सांगते.

इंग्रजीत अंदाज बांधायला शिकवायचं असेल तर एडवर्ड हॉपरचं १९४२ चं 'नाइटहॉक्स'. रात्रीचं सुनसान खानावळवजा दुकान, तीन गिऱ्हाइकं, एक वाढपी, आणि बाहेर पडायचं दार चित्रात कुठेच नाही. 'मस्ट बी', 'माइट बी', 'कान्ट बी' यांतला फरक मराठी माणसाला समजावणं तसं सोपं आहे: तो दमलेला असणार, तो दमलेला असेल, तो दमलेला असणं शक्य नाही. आपल्याकडे 'असणार' आणि 'असेल' यांत तीच छटा आहे. ती आधी दाखवून द्यावी.

फ्रेंच नकारासाठी मागरीतचं १९२९ चं पाइपचं चित्र. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलंय: 'सेसी ने पा झ्यून पीप', हा पाइप नव्हे. हुशार विद्यार्थी इथे अडवतो: नकारार्थी वाक्यात 'यून'चं 'द' होतं असं शिकवलं होतं ना? होतं, 'माझ्याकडे पाइप नाही' म्हणताना: 'झ ने पा द पीप'. पण 'असणे' या क्रियापदानंतर होत नाही. नियम आणि अपवाद एकाच पाइपने निभावतात.

स्पॅनिशमधल्या 'सेर' आणि 'एस्तार' या दोन 'असणे' क्रियापदांसाठी वेलास्केसचं १६५६ चं 'लास मेनिनास'. कोण आहे ते 'सेर'ने, कुठे आहे ते 'एस्तार'ने. मधली गोरी मुलगी कोण? राजकन्या मार्गारिता. ब्रश घेऊन उभा कोण? स्वतः चित्रकार. राजा-राणी कुठे आहेत? मागच्या भिंतीवरच्या आरशात. मग प्रत्यक्षात कुठे उभे असतील? वर्गाला उत्तर सापडतं तेव्हा मुलं मागे वळून बघतात, कारण उत्तर आहे 'आपण उभे आहोत तिथे'.

जपानीत सजीवाला 'इमासु' आणि निर्जीवाला 'आरिमासु' लागतं. होकुसाईच्या १८३१ च्या सुमाराच्या प्रचंड लाटेच्या चित्रात दोन्ही आहेत: मागे फुजी पर्वत, पुढे तीन होड्या आणि त्यांत वाकून बसलेली माणसं. गंमत म्हणजे पहिल्यांदा बघणाऱ्या बऱ्याच जणांना ती माणसं दिसतच नाहीत.

६. विद्यार्थी लिंगात आणि विभक्तीत सारखे चुकतात. चित्राने फरक पडतो का?

पडतो, पण चित्राबरोबर मराठीचीही मदत घ्यायला हवी. आपल्याला तीन लिंगं जन्मापासून येतात. हे भांडवल आपण वापरत नाही.

व्हेरमीरच्या मोत्याच्या कुड्या घातलेल्या मुलीचं उदाहरण घ्या. हे साधारण १६६५ चं चित्र हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. जर्मनमध्ये मुलगी 'दास मेडशेन', म्हणजे नपुंसकलिंगी. विद्यार्थी म्हणतात, हे कसं शक्य आहे? मी म्हणते, 'पोरगं' कसं शक्य आहे? जर्मन शब्दाला लहानपणा दाखवणारा प्रत्यय लागलाय आणि तो लागला की शब्द नपुंसक होतो. डचमध्येही तसंच. एकदा 'ते पोरगं' आठवलं की कोणी अडत नाही.

फ्रेंचमध्ये रंग नामाप्रमाणे बदलतात, पण ज्या रंगाचं नाव एखाद्या वस्तूवरून आलंय, तो सहसा बदलत नाही. नारिंगीसाठीचा 'ओरांझ' तसाच राहतो. आपलंही असंच चालतं: हिरवा, हिरवी, हिरवं होतं, पण गुलाबी सगळीकडे गुलाबीच. कारण निराळं आहे, पण सवय तीच.

विभक्तीसाठी पुन्हा प्रश्न ३ मधली खोली. मराठीत चित्र भिंतीवर 'असतं' आणि आपण ते भिंतीवर 'लावतो', 'भिंतीवर' दोन्हीकडे तेच. जर्मनमध्ये टांगलेलं असेल तर 'आन देअर वांट', टांगायला घेतलं तर 'आन दी वांट'. ही चूक मराठी विद्यार्थी हमखास करतात. मी एकाला डोळे मिटायला लावते आणि दुसऱ्याने त्याला ती खोली रिकामी समजून लावायला सांगायची: खुर्ची इथे ठेव, चित्र तिथे टांग. मग डोळे उघडायचे आणि काय कुठे आहे ते सांगायचं. एकाच खोलीत दोन्ही विभक्त्या पक्क्या होतात.

७. चित्रकारांची चरित्रं शिकवावीत का?

भूतकाळासाठी, अवश्य. फ्रिदा काहलो अठरा वर्षांची असताना, १९२५ मध्ये, ती ज्या बसने जात होती तिला ट्रामची धडक बसली. 'जात होती' आणि 'धडक बसली' हे दोन भूतकाळ स्पॅनिशमध्ये वेगळे आहेत आणि त्या दोन क्रियापदांतला फरक या एका वाक्यात कायमचा कळतो.

ऐकीव किश्श्यांपासून मात्र सावध. व्हॅन गॉगचा कान ही गोष्ट प्रत्येक वर्गात कोणीतरी सांगतोच, आणि त्यानंतर दुसरं काही होत नाही. त्यापेक्षा त्याच्या आडनावाचा उच्चार घ्या. डच माणूस 'खोख'सारखं काहीतरी म्हणतो, अमेरिकन 'गो', आपण 'गॉग'. एका आडनावावरून तीन भाषांचे घसे दाखवता येतात.

८. चित्रांच्या नावांचं भाषांतर करून घेणं कितपत उपयोगी?

माझ्या मते या सगळ्यातला हा सर्वांत दुर्लक्षित भाग. नाव चार-पाच शब्दांचं असतं, त्यामुळे कोणी घाबरत नाही, आणि अडचणी मात्र अस्सल असतात.

गोयाच्या १७९९ च्या चित्रमालिकेतल्या एका प्रसिद्ध चित्रावर लिहिलंय: 'एल सुएन्यो दे ला रासोन प्रोदुसे मोन्स्त्रुओस'. 'सुएन्यो' म्हणजे झोपही आणि स्वप्नही. विवेक झोपला की राक्षस जन्मतात, की विवेकालाच पडलेल्या स्वप्नातून ते जन्मतात? मराठीत एकच शब्द निवडावा लागतो, आणि निवडला की अर्धा अर्थ हातातून जातो. एका सहकाऱ्याने यावर पूर्ण तास घेतला आणि मुलं घंटा झाल्यावरही भांडत होती.

रेम्ब्रांटचं १६४२ चं 'नाइट वॉच' मुळात रात्रीचं नाहीच. वरचं रोगण काळवंडलं आणि नंतरच्या लोकांनी हे नाव पाडलं. 'मोनालिसा'ला इटालियन 'ला जोकोन्दा' म्हणतात. ते तिच्या नवऱ्याच्या आडनावावरून आहे, आणि त्याच शब्दाचा अर्थ 'आनंदी' असाही होतो. फळं, भांडी मांडून काढलेल्या चित्राला जर्मन 'निश्चल जीवन' म्हणतो, फ्रेंच माणूस 'मृत निसर्ग'. हे दोन शब्द फळ्यावर शेजारी लिहा आणि बाजूला व्हा.

थोड्या वरच्या पातळीवर पीटर ब्रॉयगलचं १५५९ चं म्हणींचं चित्र आहेच. ते बर्लिनला आहे आणि त्यात शंभरावर म्हणी आणि वाक्प्रचार शब्दशः रंगवलेत. एक माणूस भिंतीवर डोकं आपटतोय, हे आपल्याला भाषांतराशिवाय कळतं. एकजण वासरू बुडून मेल्यावर विहीर बुजवतोय. आपण तहान लागल्यावर विहीर खणतो, ते बुडाल्यावर बुजवतात. विहीर दोन्हीकडे उशिराच आठवते.

९. विद्यार्थी 'छान आहे' म्हणून गप्प बसतात किंवा मराठीत घसरतात. काय करू?

प्रश्न बदला. 'कसं वाटलं?' विचारलं की जगातल्या कुठल्याही भाषेत 'छान' हेच उत्तर येतं. 'या माणसाने पाच मिनिटांपूर्वी काय केलं असेल?' असं विचारा. शिवाय अर्धी वाक्यं फळ्यावर तयार ठेवा: 'डावीकडे...', 'मला वाटतं की...', 'तसं नाही, कारण...'. मराठीत घसरणं म्हणजे बोलायला काहीतरी सापडलंय, म्हणून मी टोकत नाही. ते वाक्य फळ्यावर घेते आणि सगळ्यांनी मिळून त्याचं जर्मन करतो.

१०. अमूर्त चित्रं चालतात का?

नवशिक्यांना तीच जास्त चालतात. मॉन्ड्रिआनचं १९३० चं लाल, निळ्या, पिवळ्या चौकोनांचं चित्र घ्या. वर उजवीकडे मोठा लाल, खाली डावीकडे निळा, खाली उजवीकडे कोपऱ्यात चिमुकला पिवळा. एकाने सांगायचं, दुसऱ्याने न बघता काढायचं. डावं, उजवं, वर, खाली, मोठा, त्याहून लहान, इतक्या शब्दांत काम होतं आणि चूक कुठे झाली ते कागदच दाखवतो.

११. विद्यार्थ्याने चित्राचा अर्थ साफ चुकीचा लावला तर दुरुस्त करावा का?

भाषा दुरुस्त करा, अर्थ राहू द्या. निदान प्रश्न ४ मधला 'कशावरून?' विचारून होईपर्यंत तरी. मुंकच्या १८९३ च्या 'किंकाळी'बद्दल जवळजवळ सगळे म्हणतात की तो माणूस ओरडतोय. मुंकने स्वतः लिहिलंय की त्याला सबंध निसर्गातून जाणारी किंकाळी जाणवली, आणि चित्रात हात कानांवर आहेत. तो ओरडतोय की ऐकतोय? दोन्ही वाक्यं व्याकरणाने बरोबर आहेत. मुंकचं म्हणणं शेवटी सांगा, निकाल म्हणून नको.

अपवाद एकच: चुकीचा अर्थ शब्द चुकीचा कळल्यामुळे निघाला असेल तर लगेच थांबवा. त्यात मतस्वातंत्र्य नाही.

१२. नग्नता किंवा हिंसा असलेली चित्रं दाखवावीत का?

वय आणि वर्ग बघून. फ्रिदाच्या १९३९ च्या 'दोन फ्रिदा' या चित्रात उघडं हृदय आणि रक्त आहे. मोठ्यांच्या वर्गात तुलनेचं याहून चांगलं चित्र मला माहीत नाही, लहानांना मी ते दाखवत नाही. पिकासोचं 'गेर्निका' युद्धाबद्दल बोलायला घेतात, पण ज्याने असं काही सोसलंय असा विद्यार्थी वर्गात असू शकतो. आदल्या तासाला सांगून ठेवा आणि दुसरं चित्र हाताशी ठेवा. चित्र अर्धं झाकून दाखवणं मात्र नको. सगळा तास त्या झाकलेल्या भागावरच जातो.

१३. कॉपीराइटचं काय?

बऱ्याच देशांत चित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतात, काही देशांत ६० किंवा ५०. त्यामुळे व्हॅन गॉग, व्हेरमीर, ब्रॉयगल, होकुसाई निर्धास्त वापरा. मागरीत आणि हॉपर १९६७ मध्ये गेले, पिकासो १९७३ मध्ये, दाली १९८९ मध्ये. त्यांची चित्रं वर्गात दाखवणं वेगळं आणि तुमच्या छापील पुस्तिकेत किंवा संकेतस्थळावर टाकणं वेगळं. दुसऱ्यासाठी तुमच्या देशाचा कायदा तपासा. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने आणि २०१७ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या, सुस्पष्ट प्रती फुकट उतरवून घेण्यासाठी खुल्या केल्या आहेत. धूसर प्रत वापरूच नका. भिंतीवरची खुंटी दिसली नाही तर तिचं नाव कोण विचारणार?

१४. मी एकटाच शिकतो, वर्ग नाही. मला याचा उपयोग?

आहे. रोज एक चित्र, दोन मिनिटं मोठ्याने वर्णन, फोनवर ध्वनिमुद्रण. महिन्याने तेच चित्र पुन्हा घ्या आणि जुनं ऐका. मग त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्याच भाषेतली माहिती वाचा. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाची स्पॅनिशमध्ये मिळेल. व्हॅन गॉगची सगळी पत्रं मूळ भाषेत आणि इंग्रजी भाषांतरासह इंटरनेटवर खुली आहेत. डच शिकणाऱ्यांनी सुरुवातीची घ्यावीत, फ्रेंचवाल्यांनी नंतरची.

१५. वर्गात रंगांधळा किंवा दृष्टी नसलेला विद्यार्थी असेल तर?

रंगांचा पाठ असेल तर आधी खासगीत विचारून घ्या. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर 'छत कोणत्या रंगाचं?' विचारणं वाईट. 'गेर्निका' काळ्या, पांढऱ्या आणि करड्या रंगांत आहे, गोयाची वर सांगितलेली मालिका छापील रेषांची आहे. तिथे सगळे एका पातळीवर येतात.

दृष्टी नसलेल्या विद्यार्थ्याला मी आधी अशा तासाला सूट द्यायची, आणि ते चूक होतं. एका मुलाने हट्टाने बसायचं ठरवलं. चित्र तेच, आर्लमधली खोली. ठरलं असं की तो प्रश्न विचारेल आणि बाकीचे सांगतील, सगळं जर्मनमध्ये. पलंग कुठे आहे? डोकं कोणत्या बाजूला? खुर्च्या किती? उत्तरं भराभर आली, कारण त्याला खरंच माहीत नव्हतं आणि सांगणाऱ्यांना ते जाणवत होतं. मग त्याने विचारलं, पलंगावर उशा किती?

दोन, असं कोणीतरी मोजून सांगितलं.

'फ्युअर वेन?' त्याने विचारलं. कोणासाठी? इतक्या वर्षांत ही खोली मी शेकडो वेळा दाखवली असेल. हे मला कोणी विचारलं नव्हतं, मलाही सुचलं नव्हतं.